मराठवाड्यात राहून स्कूबा करायचंय? मग पहिला डाइव्ह कॉम्प्युटर असा बघून घ्या

लातूर-नांदेडकडची पोरं आता मालवणला एक डुबकी मारून, फोटो काढून परत येण्यावर थांबत नाहीत. ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिल्या पायरीचा कोर्स, करायलेत, अंदमानला जायलेत, आणि कोर्स झाला की पहिला प्रश्न ठरलेला, कोणता डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली, वेळ आणि अजून किती थांबता येईल ते दाखवणारं यंत्र, घेऊ? मग यूट्यूबवरचे व्हिडिओ बघायचे, तो अमेरिकेतला माणूस दर रविवारी डाइव्ह करणारा, त्याच्या गावात तीन डाइव्ह शॉप, आणि त्याचं ऐकून आपण इथं बीडमध्ये बसून ऐंशी हजाराचं घड्याळ ऑर्डर करायचं. आपलं तसं नाहीये ना. आपण वर्षातून एकदा, फार तर दोनदा समुद्रावर जाणार, बाकीचे दहा महिने ते यंत्र कपाटात, आणि काही बिघडलं तर दुरुस्त करणारं माणूस आख्ख्या जिल्ह्यात नाही. हे डोक्यात ठेवून घ्यायचं असेल तर निवड बरीच वेगळी होते, तेच इथं सविस्तर लिहितो.

आधी बघा, तुम्हाला लागतो का

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला जी ट्रायल डाइव्ह असते, ज्यात इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरून तुम्हाला थोडा वेळ फिरवून आणतो, त्याच्यासाठी कॉम्प्युटर नको. पैसे वाचवा. कोर्स झाला असेल आणि पुढच्या वर्षभरात नक्की जाणार असाल तरच घ्या. कोर्स झालाय पण पुढं जाणं होईल का नाही माहीत नाही, तर आधी चांगला मास्क घ्या, तो जास्त कामाला येतो. मास्क झाला की मात्र दुसरी खरेदी कॉम्प्युटरचीच करावी असं माझं मत आहे, फिन्स आणि वेटसूट भाड्यानं मिळतात, चालून जातात.

कॉम्प्युटर भाड्याचा का नको ते ऐका. हे यंत्र फक्त खोली आणि वेळ दाखवत नाही, तुमच्या अंगात किती नायट्रोजन मुरलाय याचा हिशोब ते एका डाइव्हवरून दुसऱ्या डाइव्हवर पुढं ओढत नेतं. काल संध्याकाळी तोच कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाच्या हाताला होता तर आज सकाळी तुमच्या हातावर त्याचा हिशोब चालू राहणार. आणि तुम्ही काल दुसरा वापरला असेल तर तुमचा कालचा नायट्रोजन याला ठाऊकच नाही. त्याच कारणानं बडीसोबत, म्हणजे जोडीच्या डाइव्हरसोबत, एकात दोघं भागवणं पण बंद. तुम्ही वर, तो चार मीटर खाली, हिशोब दोघांचा वेगळा. ‘डाइव्हमास्टरकडं असतोय की, त्याच्या मागं जायचं’ असं बरेच जण करतात, पण गट घेऊन जाणाऱ्या त्या डाइव्हमास्टरच्या मनगटावरचा आकडा त्याच्या अंगाचा आहे, तुमच्या नाही.

हे आत करतं काय

थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढं दुकानदार काय पण गळ्यात मारतो. खाली दाबात श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि तिथून शरीराच्या वेगवेगळ्या भागांत विरघळतो, वर येताना तो हळूहळू बाहेर पडायला पाहिजे, घाई केली की बुडबुडे होतात, त्यालाच बेंड्स म्हणतात. हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये याची पहिली नीट तक्ती काढली, तशा तक्त्यावर लोक कित्येक दशकं डाइव्ह करत आले. कोर्समध्ये तुम्हाला पाडी या प्रशिक्षण संस्थेचा तक्ता शिकवला असेल तर आठवेल, १८ मीटरला जास्तीत जास्त ५६ मिनिटं, ३० मीटरला फक्त २० मिनिटं. तक्त्याची अडचण अशी की तुम्ही पाच मिनिटं १८ मीटरला जाऊन उरलेला वेळ ९ मीटरवर काढला तरी तो पूर्ण डाइव्ह १८ मीटरचीच धरतो. कॉम्प्युटर दर काही सेकंदाला दाब मोजतो आणि प्रत्यक्ष तुम्ही जिथं होता तिथला हिशोब करतो.

हिशोबासाठी शरीराचे काल्पनिक कप्पे केलेले असतात. ब्यूलमान या स्विस डॉक्टरच्या झेडएच-एल १६ मॉडेलमध्ये असे सोळा आहेत. एकाच पातेल्यात मूग, तूर, हरभरा भिजत घातल्यासारखं समजा, मूग पटकन फुगतो, हरभऱ्याला रात्र लागते, आणि वाळायचं म्हटलं तरी तीच तऱ्हा. सगळ्यात चपळ कप्पा चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो, सगळ्यात आळशी कप्प्याला अर्धं भरायला ६३५ मिनिटं लागतात. म्हणून सकाळच्या डाइव्हचा परिणाम दुपारी असतो, आणि दुसऱ्या दिवशी पण थोडाफार असतो. या सगळ्यातून स्क्रीनवर एक आकडा येतो, नो-डेको टाइम, म्हणजे या खोलीवर अजून इतकी मिनिटं थांबलात तरी वर येताना सक्तीचा थांबा लागणार नाही. डाइव्हभर खोली, हा आकडा आणि वर येण्याचा वेग एवढं तुम्ही बघत राहायचं.

मनगटावरचाच घ्या

कॉम्प्युटर दोन ठिकाणी असतो, एक हाताला बांधायचा, दुसरा रेग्युलेटरच्या (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा संच) होजला, म्हणजे नळीला, लटकणाऱ्या कन्सोलमध्ये. बहुतेक कन्सोलवाल्यात टाकीत हवा किती राहिली ते दाखवणारं प्रेशर गेजपण सोबत असतं, ते दिसायला मस्त दिसतं, पण त्याची होज रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागाला, फर्स्ट स्टेजला, जोडलेली असते, आणि तुम्ही रेग्युलेटर तर शॉपचा वापरणार. दरवेळी त्यांच्या रेग्युलेटरचं गेज काढून तुमचं लावा म्हटलं तर सकाळी सहाला बोटीवर माल चढवणारा माणूस तुमच्याकडं कसा बघेल याची कल्पना करा.

हाच मुद्दा एअर इंटिग्रेशनला. म्हणजे टाकीतली हवा पण मनगटावर दिसते, त्यासाठी एक ट्रान्समीटर फर्स्ट स्टेजच्या हाय प्रेशर पोर्टमध्ये बसवावा लागतो. सोय झकास आहे, नाही म्हणत नाही. पण ट्रान्समीटर वेगळा विकत घ्यावा लागतो, त्याची बॅटरी वेगळी, आणि भाड्याच्या रेग्युलेटरवर तो दरवेळी बसवायचा-काढायचा म्हणजे पुन्हा तीच कटकट. स्वतःचा रेग्युलेटर घ्याल तेव्हा बघू. शॉपच्या सेटवर प्रेशर गेज असतंच, ते बघायची सवय लागलेली चांगलीच.

स्मार्टवॉचचं काय

हा प्रश्न भाच्यानं पण विचारला होता. “मामा, माझ्या घड्याळावर ५० मीटर वॉटरप्रूफ लिहिलंय की, मग ते चालेल ना?” “लिहिलंय बाबा, पण ते पोहायला आहे, त्याला नायट्रोजन काय माहीत?” त्या ५० मीटरचा अर्थ कारखान्यात स्थिर दाबाची चाचणी, त्यात डाइव्हचा हिशोब करणारं काही नसतं. २०२२ ला आलेलं ॲपल वॉच अल्ट्रा वेगळं, त्यावर ओशनिक प्लस ॲप टाकून ४० मीटरपर्यंत खरंच डाइव्ह कॉम्प्युटरसारखं चालतं, पण डाइव्हच्या सोयीसाठी सबस्क्रिप्शन भरावं लागतं आणि चार्जिंग सांभाळत बसावं लागतं. गार्मिनची डिसेंट सिरीज तर डाइव्हसाठीच बनलेली, रोज हातात घालायला पण छान. ज्याला रोज तेच घड्याळ वापरायचंय आणि पैसे आहेत त्यानं खुशाल घ्यावं. निव्वळ डाइव्हसाठी मात्र पहिल्या खेपेला मला त्यात पैसे घालणं पटत नाही.

स्क्रीन, आणि इथं घाई करू नका

मालवणच्या पाण्यात बऱ्याचदा चार-पाच मीटरच्या पुढचं धड दिसत नाही, पाणी हिरवट-गढूळ, उजेड कमी. अशा पाण्यात बारीक आकडे म्हणजे डोक्याला ताप. स्वस्त कॉम्प्युटर साध्या कॅल्क्युलेटरसारख्या एलसीडीचे असतात, बोटीवर उन्हात ते एकदम स्पष्ट दिसतात, खाली अंधारात बॅकलाइटचं बटण दाबावं लागतं. रंगीत स्क्रीनवाले खाली अप्रतिम दिसतात आणि धोक्याची सूचना लाल-पिवळ्या रंगात देतात, पण महाग आणि बॅटरी जास्त खातात. चाळिशी लागलेल्यांनी इथं काटकसर करू नये, कारण मास्कच्या आत चष्मा बसत नाही. पाणी वस्तू थोडी मोठी दाखवतं त्याचा फायदा मिळतो, पण त्याच्यावर विसंबू नका.

दुकानात किंवा मित्राचा हातात घेऊन बघता आला तर एक करा. हात सरळ पुढं करा, कॉम्प्युटरकडं एक नजर टाका, लगेच डोळे मिटा, आणि खोली किती, वेळ किती, नो-डेको किती हे सांगा. डाइव्ह मोडचा स्क्रीन चालू नसेल तर मॅन्युअलमधलं चित्र त्याच आकारात प्रिंट काढून बघा. तीनपैकी एक जरी आकडा शोधायला लागला तर तो मॉडेल सोडा. काही स्क्रीनवर सगळ्यात मोठा आकडा खोलीचा असतो आणि नो-डेको एका कोपऱ्यात बारीक, मला स्वतःला ते आवडत नाही, दोन्ही सारख्या आकाराचे पाहिजेत.

बटणांचं पण बघा. एका बटणाचे मॉडेल असतात, क्रेसी लिओनार्डो, मारेस पक प्रो वगैरे, शिकायला सोपे, पण पाहिजे तो पर्याय हुकला की पुन्हा सगळी फेरी मारून यावं लागतं. दोन बटणांचं मला सगळ्यात बरं वाटतं. आणि हौ, पट्टा वेटसूटवर पुरतो का बघा, आपल्याकडं ३ मिलिमीटरचा सूट असतो पण मनगट त्यानंपण जाड होतं.

अल्गोरिदमवरून भांडू नका, फरक तेवढा समजून घ्या

कुठला अल्गोरिदम, म्हणजे नायट्रोजनच्या हिशोबाची पद्धत, चांगला यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिल्या कॉम्प्युटरला एवढं पुरे, काही कॉम्प्युटर जास्त सांभाळून वागतात, काही मोकळे सोडतात. सुंटो आणि क्रेसीचे आरजीबीएम नावाच्या अल्गोरिदमचे मॉडेल सांभाळणारे म्हणून ओळखले जातात, शिअरवॉटर आणि गार्मिनमध्ये ब्यूलमान असतो आणि ग्रेडियंट फॅक्टर नावाच्या दोन आकड्यांनी तुम्ही त्याला कडक-सैल करू शकता. शिअरवॉटरमध्ये सैल म्हणजे ४५/९५, मधलं ४०/८५, कडक ३५/७५. नवख्यानं आकड्यांशी खेळू नये, मधलं किंवा कडक ठेवून मोकळं व्हावं.

पहिल्या डाइव्हला दोन कॉम्प्युटरात फारसा फरक दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला दिसतो. तुमचा म्हणतो ९ मिनिटं राहिली, बडीचा म्हणतो १७. अशा वेळी ज्याचा कमी त्याचं ऐकून दोघांनी वर सरकायचं, हे बोटीवरच बोलून घ्या, खाली हातवारे करून पटवायला जाऊ नका.

एक गोष्ट कुठल्याच कॉम्प्युटरला कळत नाही. तुम्ही उदगीरहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून, झोप न झालेली, लघवीला उतरायला नको म्हणून पाणी न पिता आलाय हे त्याला दिसत नाही. शरीरात पाणी कमी असणं, थकवा, वय, वजन हे सगळं बेंड्सच्या धोक्यात मोजतात. म्हणून असा प्रवास करून आलात तर त्या दिवशी सेटिंग एक पायरी कडक करा. कडक-सैल करायची सोय जवळपास सगळ्या मॉडेलमध्ये असते, घेण्याआधी खात्री मात्र करा.

नायट्रॉक्स पाहिजेच

आज तुम्ही साध्या हवेवर डाइव्ह कराल, पण पुढं अंदमानला गेलात की नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स करावासा वाटणार. ३२ टक्के ऑक्सिजनच्या टाकीत नायट्रोजन कमी, म्हणून वेळ जास्त मिळतो, पण ऑक्सिजनमुळं साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही अशी हद्द असते. कॉम्प्युटरमध्ये टक्का टाकला की तो ही हद्द स्वतः दाखवतो आणि ओलांडली की ओरडतो. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये पण नायट्रॉक्स असतोच, नसलेला जुना कुणी विकत असेल तर घेऊ नका. ट्रायमिक्स, चार-पाच गॅस, रिब्रीदर मोड याचे जास्तीचे पैसे देऊ नका, ४० मीटरच्या आतल्या हौशी डाइव्हला ते लागत नाही. डिजिटल कंपास असला तर चांगलं, नसला तर चालतंय.

बॅटरी, आपल्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा

इथं दोन पंथ आहेत. एक, नाण्यासारखा सेल, तुम्ही स्वतः बदलायचा. दोन, आत बंद असलेली रिचार्जेबल. शिअरवॉटर पेरेग्रिन, सुंटो डी५ हे चार्जिंगवाले. तिसरा पण प्रकार आहे, सेल आहे पण बदलायला सर्व्हिस सेंटरलाच पाठवावा लागतो, घड्याळासारख्या दिसणाऱ्या काही मॉडेलमध्ये असं असतं, आणि जालना-परभणीत राहून तो घेणं म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी कुरिअर आणि वाट बघणं. तो टाळाच.

माझं मत सेलवाल्याकडं झुकतं. रिचार्जेबल बॅटरी आठ-दहा महिने न वापरता पडून राहिली, ती पण आपल्या मे महिन्यात, जिथं पत्र्याखालच्या खोलीत दुपारी हात लावता येत नाही, तर तिचं आयुष्य घटतं. घेतलाच तर दोन-तीन महिन्यांनी एकदा अर्ध्याच्या वर चार्ज करून ठेवा. सेलवाल्याची एक अडचण, २०३२ सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो, पण बऱ्याच कॉम्प्युटरला २४३० किंवा २४५० लागतो, तो तालुक्याला मिळेलच असं नाही. ऑनलाइन चांगल्या कंपनीचे दोन मागवून ठेवा.

सेल बदलताना घाई नको. पंखा बंद करा, टेबल पुसा, वर पांढरा कागद टाका. कॉम्प्युटर पूर्ण कोरडा पाहिजे. नाण्यानं किंवा सोबतच्या चकतीनं झाकण फिरवा, आत काळी रबरी ओ-रिंग दिसेल, ती टोकदार वस्तूनं उचकटू नका, बोटांनी दाबून वर आणा. ट्यूबलाइटखाली धरून गोल फिरवत बघा, चीर, चपटेपणा, एखादा केस, कापसाचा धागा. एक केस जरी खाली राहिला तरी पाणी आत जातं. शंका आली की नवीन रिंग टाका, बॅटरी किटमध्ये येते. सिलिकॉन ग्रीस अगदी बोटाला चमक येईल इतकंच, थापू नका. बऱ्याच कॉम्प्युटरात सेल काढला की नायट्रोजनचा हिशोब पुसला जातो, त्यामुळं ट्रिप चालू असताना दोन डाइव्हच्या मध्ये सेल बदलायचा नाही.

झाकण लावल्यावर घरीच तपासता येतं. मऊ प्लॅस्टिकची रुंद तोंडाची बरणी घ्या, कॉम्प्युटर आत टाका, पाणी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, झाकण घट्ट लावून दोन्ही हातांनी दाबा. बरणी चांगली दबली तर स्क्रीनवर मीटर-दीड मीटर खोली उठते. सेन्सर जिवंत आहे एवढं कळतं, मग बाहेर काढून काचेखाली वाफ धरलीय का बघा. सेकंडहँड घेताना पण हेच करा, शिवाय सेलचं झाकण उघडून आत हिरवट गंज आहे का ते विक्रेत्यासमोर बघा, आणि लॉग, म्हणजे डाइव्हच्या नोंदी, उघडून आधीच्या डाइव्हच्या खोलीचे आकडे वेडेवाकडे नाहीत ना हे बघा.

किंमत आणि खरेदी

परदेशात सुरुवातीचे मॉडेल दोनशे-तीनशे डॉलरच्या घरात असतात, आपल्याकडं कर आणि वाहतूक धरून जास्तच पडतात. दुबईहून कुणी येणार असेल तर मागवायचा मोह होतो, पण वॉरंटी भारतात चालते का हे कंपनीला मेल करून लेखी विचारा, दुकानदाराच्या ‘हो हो चालते’वर जाऊ नका. डीलर मुंबई, पुणे, बंगळुरू, चेन्नईला भेटतील, ऑनलाइन घेतला तरी बिलावर सिरीयल नंबर पाहिजे.

एका ओळीत सांगायचं तर पहिल्या खेपेला सेलवाला, मनगटावरचा, नायट्रॉक्स असलेला साधा कॉम्प्युटर घ्या. नजर कमी असेल आणि खर्च झेपत असेल तर पेरेग्रिनसारखा मोठ्या रंगीत स्क्रीनचा. ब्लूटूथ असला तर मजा येते, सबसरफेस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनंच सुरू केलेलं, त्यात डाइव्हचा आलेख बघत बसायला वेळ कसा जातो कळत नाही. पण ते नसलं म्हणून काही अडत नाही.

आणल्यावर घरी करायचा अभ्यास

मॅन्युअल वाचा. कंटाळवाणं आहे पण वाचा. मग प्लॅन मोड उघडा, त्यात खोली वाढवत गेलं की प्रत्येक खोलीचा नो-डेको टाइम दिसतो. कोर्सच्या तक्त्याशेजारी ठेवून १२, १८, ३० मीटरचे आकडे ताडून बघा, तुमचा कॉम्प्युटर किती कडक आहे ते तिथंच कळतं. वर येण्याचा वेग किती झाला की तो ओरडतो ते शोधा, बऱ्याच जणांत मिनिटाला ९-१० मीटरच्या आसपास असतो. सेफ्टी स्टॉप, ५ मीटरला ३ मिनिटं, स्क्रीनवर कसा दिसतो, आणि चुकून डेको, म्हणजे सक्तीचा थांबा, लागला तर काय दिसतं, ही दोन चित्रं पाठ पाहिजेत. डेकोचा थांबा न पाळता वर आलात तर बरेच कॉम्प्युटर २४ ते ४८ तास कुलूप लावून बसतात, म्हणजे ट्रिप संपली. मध्येच बंद पडला तर हळू वर यायचं, सेफ्टी स्टॉप करायचा, आणि पुढचे २४ तास पाण्यात उतरायचं नाही.

खारं-गोडं पाणी आणि उंचीचं सेटिंग पण बघून ठेवा. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळं काही कॉम्प्युटर घरी चालू केल्यावर डोंगराचं चिन्ह दाखवतात, घाबरू नका. जे उंची आपोआप ओळखतात ते समुद्रावर पोचल्यावर बदलतात, पण जुन्या सुंटोसारख्या काही मॉडेलमध्ये उंची हातानं टाकावी लागते, तिथं पोचल्यावर ती शून्याच्या पायरीवर आहे ना बघा.

परतीचा घाट

नो-फ्लाय टाइम सगळ्यांना माहीत असतो. डॅन या डाइव्ह सुरक्षेच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणं एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. कॉम्प्युटर जास्त दाखवत असेल तर त्याचं ऐका. पण आपण तर गाडीनं येतो, आणि घाटातही उंचीमुळं हवेचा दाब कमी होतो याकडं कुणी लक्षच देत नाही. त्या शिफारशी विमानातला दाब २००० ते ८००० फूट उंचीएवढा धरून केलेल्या आहेत. २००० फूट म्हणजे साधारण ६१० मीटर. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि तिथून पुढं उतरून परत समुद्राला जायचंच नाहीये, घरसुद्धा पठारावरच. मालवणला आठ मीटरवर अर्धा तास घालवून आलात तर फार काळजी नको, पण कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला दोन-तीन दिवस खोल डाइव्ह करून दुपारी चारला पाण्याबाहेर आणि सहाच्या गाडीनं घाट, असं करू नका. शेवटचा दिवस कोरडा ठेवा, मासे खा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.

कपाटातले दहा महिने

प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, बटणं पाण्यात असताना उगाच दाबत बसू नका. घरी आल्यावर पुन्हा एकदा धुवा, पण आपल्या बोअरच्या पाण्यानं नको, त्याचा पांढरा थर पाण्याच्या संपर्कानं चालू होणाऱ्या पिनांवर बसतो आणि मग कॉम्प्युटर चालूच होत नाही, नाहीतर बंदच होत नाही. शेवटचं पाणी फिल्टरचं वापरा. ओल्या वेटसूटसोबत बॅगेत टाकला तरी तो आपण पाण्यातच आहोत असं समजून सेल संपवतो. सावलीत वाळवा, गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही.

समुद्रकिनाऱ्यावरचा सीझन साधारण ऑक्टोबरला उघडतो, तर दसऱ्याच्या आसपास एकदा बाहेर काढा, सेलचं चिन्ह बघा, एक पट्टी कमी दिसली तरी बदलून टाका, बरणीची टेस्ट करा, तारीख-वेळ लावा. निघताना जादा सेल, एक ओ-रिंग, ग्रीसची डबी, पट्ट्याची पिन आणि कॉम्प्युटर, सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, डिकीतल्या सामानात नको.